मोकळ्या रकान्यातली माणसं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, ज्यांना आपण सगळे नुसतं साहेब म्हणतो ते. त्यांच्या उजवीकडे बसलेले हिशेब विभागाचे प्रमुख. वेळात वेळ काढून आलेले, आपली संगणक प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचे सल्लागार महोदय. ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातला त्या आपल्या वहिनी. वहिनींचे यजमान, म्हणजे आपले भाऊ. फोनवरच्या माझ्या मैत्रिणींनो, तंत्रज्ञ बंधूंनो, गोदामातल्या मंडळींनो. आणि मागच्या रांगेत खिडकीपाशी बसलेल्या, वहिनींनी मुद्दाम बोलावून घेतलेल्या आजी. तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मला सभेत बोलायची सवय नाही. मध्ये कुठे अडखळले तर त्याकडे दुर्लक्ष करावं ही विनंती.

माझ्या हातात जो कागद आहे तो काल साहेबांच्या कार्यालयातून तपासून आला. दोन परिच्छेदांवर रेघ मारलेली आहे. रेघ मारलेलं मी वाचणार नाही. पण कागद काल लिहिला आणि काही गोष्टी आज सकाळी घडल्या, तेव्हा कागदावर नसलेलंही थोडं बोलावं लागेल. ते बोलताना मी कागद टेबलावर ठेवीन. म्हणजे तपासलेलं कुठलं आणि न तपासलेलं कुठलं हे सगळ्यांना कळेल. उगाच कोणाची फसवणूक नको.

आणखी एक. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. सूत्रसंचालकांनी रस्त्यावरच्या गर्दीचं कारण सांगितलं. त्यांना मीच फोनवर तसं सांगितलं होतं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. गर्दी नव्हती. खरं कारण शेवटी सांगते.

आता कागद.

वहिनी या कोणाच्या वहिनी, असा प्रश्न पाहुण्यांना पडला असेल. भाऊ आपल्या संस्थेचे पहिले तंत्रज्ञ. त्यांचा डबा घेऊन वहिनी रोज दुपारी यायच्या. एक दिवस फोनवरची मुलगी आजारी पडली, फोन वाजत राहिला, आणि वहिनींनी डबा टेबलावर ठेवून फोन उचलला. भाऊ म्हणतात, "तो डबा मला त्या दिवशी मिळालाच नाही." तेव्हापासून आजपर्यंत वहिनी फोनवर आहेत. आधी एकट्या होत्या, मग आम्हा मुलींच्या प्रमुख झाल्या. भाऊंना कमी ऐकू येतं, म्हणून मी हे जरा मोठ्याने बोलतेय. भाऊ, बरोबर ना?

हसले. म्हणजे बरोबर.

आपलं काम काय, हेही पाहुण्यांसाठी सांगायला हवं. ज्यांची फुफ्फुसं थकली आहेत त्यांना घरी लागणारं ऑक्सिजनचं यंत्र आपण भाड्याने देतो. पलंगाशेजारी मावेल एवढी पेटी, त्यातून निघालेली नळी, ती नाकाशी. पेटी रात्रंदिवस घुमत असते. फोनवर बोलताना मागे तो आवाज ऐकू येतो आणि आम्हाला बरं वाटतं. आवाज आहे म्हणजे माणूस आहे, असं आम्ही नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगतो. ठरावीक दिवसांनी आम्ही प्रत्येक घरी फोन करतो, यंत्र नीट चालतंय ना विचारतो, आणि गरज असेल तिथे तंत्रज्ञ जातो. कोणाला फोन करायचा हे रोज सकाळी सीआरएम सांगतं. ग्राहकांची सगळी माहिती ठेवणारी ती संगणकातली प्रणाली एक अहवाल काढते, आणि त्या अहवालाला फिल्टर लावलेले असतात, म्हणजे ज्याचं काम नाही तो त्यात दिसत नाही.

ज्याचं काम नाही तो दिसत नाही. हे वाक्य मी शाबासकी म्हणून लिहिलं होतं. आता वाचताना बरं वाटत नाही.

त्या प्रणालीत प्रत्येकाच्या नावापुढे 'स्थिती' असा एक रकाना आहे. त्यात तीन शब्दांतला एक निवडायचा. चालू, स्थगित, मयत. मयत निवडलं की त्या घरच्या फोनवर आपोआप एक संदेश जातो. 'प्रिय ग्राहक, आपली सेवा समाप्त झाली आहे. आपला अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.'

एका ग्राहकाच्या मुलीने हा संदेश आल्यावर फोन केला होता. घरी अजून माणसं जमलेली होती, मागून आवाज येत होते. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "माझ्या बाबांना किती तारे देऊ, ते सांगा." तो फोन वहिनींनी घेतला होता.

संदेश बंद करता येईल का, असं वहिनींनी विचारलं. त्याला वेगळा प्रस्ताव लागेल, असं उत्तर आलं. प्रस्ताव गेला, आणि कुठे गेला ते कळलं नाही. मग वहिनींनी आम्हाला सांगितलं, "पोरींनो, तो शब्द निवडूच नका. रकाना मोकळा ठेवा." आणि अहवालाला एक फिल्टर लावून घेतला, की रकाना मोकळा असेल ते नाव रोजच्या यादीत दाखवू नये. म्हणजे त्या घरी चुकूनही फोन जायला नको.

ही आमची रीत झाली. कुठे लिहिलेली नव्हती. मोकळा रकाना म्हणजे ते घर. तिथे आवाज चढवायचा नाही, तिथे फोन करायचा नाही. किती चांगली रीत, नाही? मलाही फार आवडायची. कोणाला दुखवायचं नाही म्हणून आम्ही एक शब्द गिळून टाकला होता.

मग सीआरएमची नवी आवृत्ती आली. ती चांगलीच आहे, सल्लागार महोदय इथे आहेत म्हणून म्हणत नाही. पण तिच्यात एक गोष्ट झाली. कोणाचं जुनं यंत्र काढून नवं बसवलं, की त्या ओळीतला स्थितीचा रकाना आपोआप कोरा व्हायचा. तंत्रज्ञांना वाटायचं तो कार्यालयात भरतात. आम्हाला तो कोरा झाला हेच माहीत नव्हतं. आणि फिल्टर तर आमचाच होता, प्रामाणिकपणे मोकळे रकाने लपवत होता.

परिणाम काय झाला? यादी लहान झाली. बाकी राहिलेले फोन शून्यावर आले. याच सभागृहात केक कापला. साहेबांनी आम्हा प्रत्येकीचं कौतुक केलं. केक चांगला होता. मीही खाल्ला.

इथे पहिली रेघ आहे. मी एक परिच्छेद सोडते.

आता कागद टेबलावर ठेवते.

आमच्या ग्राहकांत एक निवृत्त बसचालक होते. बहिणीबरोबर राहायचे. फोन उचलला की म्हणायचे, "चला चला, पुढे सरका, आत जागा आहे." धाप लागायची, तरी म्हणायचे. "काका, यंत्र ठीक आहे ना?" असं विचारलं की, "यंत्र ठीक आहे, चालक जरा खडखडतोय." त्यांचा फोन आपल्याला मिळावा म्हणून आम्ही मुली भांडायचो. मग त्यांचं यंत्र बदललं आणि त्यांचं नाव यादीत यायचं थांबलं. प्रत्येकीला वाटलं, दुसरीकडे जात असेल. एकदा जेवताना विषय निघाला. "कंडक्टरकाका तुझ्याकडे का गं हल्ली?" आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणायचो, ते चिडायचे, म्हणायचे मी चालक होतो. "छे, मला वाटलं तुझ्याकडे." मग एकीने उठून त्यांची ओळ उघडून बघितली. रकाना मोकळा होता.

आम्हाला आमची रीत माहीत होती. "गेले गं," ती म्हणाली. आम्ही डबे बंद केले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घंटा झाली आणि आम्ही कामाला लागलो.

ते तेव्हा जिवंत होते. आमच्या फोनची वाट बघत होते.

त्यांच्या यंत्रावर पिवळा दिवा लागला होता. पिवळा दिवा म्हणजे यंत्रातून पुरेसा ऑक्सिजन येत नाही. त्यांना वाटलं, नव्या यंत्राचा दिवा पिवळाच असतो. बहीण म्हणाली, फोन करून विचार. ते म्हणाले, "त्या पोरी आपणहून करतात. विसरायच्या नाहीत त्या. उगाच कशाला त्यांना त्रास?"

ते गेल्यावर काही दिवसांनी बहीण कार्यालयात आली. भांडायला नाही. यंत्र परत कुठे द्यायचं ते विचारायला. आणि सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्ही फोन का नाही केलात?" काउंटरवरच्या आमच्या मुलीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "आजी, आम्हाला वाटलं ते..." आणि थांबली. आजींना कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्याला आधीच पोचवलंत?"

त्या वेळी वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. त्या काउंटरचं दार उघडून बाहेर गेल्या आणि आजींच्या शेजारी बाकावर बसल्या. बराच वेळ बसल्या. आजींनी यंत्राची पावती पर्समध्ये घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली.

आजी, मी हे तुमची परवानगी घेऊन बोलतेय. तुम्ही काल फोनवर म्हणालात, "सांग. त्याला गोष्टीत यायला आवडायचं."

कागद घेते.

वहिनींच्या कामाची पद्धत अनुकरणीय होती, असं इथे लिहिलं आहे. ती कोणती, ते सांगते. त्या सल्लागार महोदयांना भेटल्या. ते म्हणाले, "अहवाल बरोबर आहे, डेटा अस्वच्छ आहे." वहिनी म्हणाल्या, "आजारी माणसांचा आहे, अस्वच्छ असणारच. मला तुमचा फिल्टर नको. मला सगळं द्या. गाळू नका, निवडू नका, आहे तसं द्या." आणि इथे सल्लागार महोदयांचे आभार मानले पाहिजेत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन, शेजारी बसून, सीआरएममधला सगळाच्या सगळा डेटा बाहेर कसा काढायचा आणि स्प्रेडशीटमध्ये कसा घ्यायचा ते वहिनींना शिकवलं. त्यांना तसं करायची गरज नव्हती.

सुरुवातीला काही जुळेना. वहिनींची युक्ती अशी होती, की एका शीटवर सगळे ग्राहक घ्यायचे, दुसऱ्या शीटवर गोदामात परत आलेली यंत्रं, आणि यंत्राच्या क्रमांकावरून दोन्ही जुळवायचं. यंत्र परत आलं असेल तर तो रकाना खरोखरच मोकळा. पण यंत्र परत आलं नाही आणि रकाना मोकळा, तर त्या घरी कोणीतरी अजून श्वास घेत असेल. पण आपल्या यंत्रांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, आणि शीटमध्ये आल्या आल्या ते शून्य गळून पडायचं. जुळायचं काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, "बघ, पुढच्या शून्याला किंमत नाही असं यालाही वाटतं. सगळ्यांसारखंच." मग आम्ही आधी तो रकाना अक्षरांचा करून घ्यायचो, म्हणजे शून्य टिकायचं, आणि त्यानंतरच डेटा आत घ्यायचो. रोज सकाळी, इतर कोणी यायच्या आधी. मोकळे रकाने सगळ्यात वर, बाकीचे खाली.

मोकळे वर घ्यायचे, हे वहिनींनी सांगितल्यावर मला हसू आलं होतं. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वहिनी, हे मला घरी शिकवलंय.

आमच्या घरची लाँड्री आहे. शाळेत जायच्या आधी मी तिथेच शिकले. कॉलरच्या आत दोऱ्याने घातलेल्या खुणांवरून मी अक्षरं ओळखायला शिकले, आणि गठ्ठे मोजून आकडे. बाबा इस्त्री करायचे, काकू खुणा घालायची. एखादा कपडा खूण नसलेला निघाला तर माझा चुलतभाऊ तो मागच्या फळीवर फेकायचा. काकू उठून तो परत आणायची आणि सगळ्यांच्या वर, अगदी समोर ठेवायची. "खूण नाही म्हणजे मालक नाही असं नव्हे रे. खूण नाही म्हणजे आपण घालायला विसरलो." जोवर त्या कपड्याचा मालक सापडत नाही तोवर दुसरा गठ्ठा सोडायचा नाही, असा नियम होता. गिऱ्हाईक ताटकळायचं, बाबा चिडायचे, पण नियम मोडायचा नाही.

असो. मी विषय सोडून गेले.

वरच्या ओळींना फोन करायचे. पण विचारायचं काय? त्या घरात माणूस असेलही आणि नसेलही. 'रुग्ण कसे आहेत' असं विचारावं तर समोरून काय येईल कोण जाणे. वहिनींनी सांगितलं, माणसाचं विचारू नका, यंत्राचं विचारा. "यंत्र घरातच आहे ना?" एवढंच. पुढचं ती माणसं आपणहून सांगतात.

एकदा मी असाच फोन लावला.

"यंत्र घरातच आहे ना?"

"आहे की. कुठे जाणार? मला सोडून ते कुठे जात नाही, आणि त्याला सोडून मी."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"कोणाचा कोण? मीच तो."

"म्हणजे... तुम्ही स्वतः?"

"का हो, आवाजावरून पटत नाही? आमची सून पण असंच दचकते."

मी फोन ठेवला आणि रडले. वहिनी म्हणाल्या, "रड, पण आधी 'चालू' भर."

अशी बरीच माणसं त्या ओळींमधून परत आली. किती, ते मी सांगणार नाही. माझ्याकडे आकडा आहे, पण आकडा सांगितला की लोक टाळ्या वाजवतात, आणि आज टाळ्या नकोत.

इथे दुसरी रेघ आहे. हा परिच्छेद काका गेल्यावर झालेल्या चौकशीबद्दल होता. मी तो वाचत नाही. सगळ्यांना जे माहीत आहे तेवढंच, कागद खाली ठेवून, सांगते. चौकशीत विचारलं, रकाना मोकळा ठेवायची सूचना कोणाची? वहिनींनी लिहून दिलं, माझी. ते खरं आहे. ती सूचना त्यांचीच होती. पण तेवढंच विचारलं गेलं. संदेश बंद करायचा प्रस्ताव कुठे थांबला, नव्या आवृत्तीत काय झालं, शून्य बघून केक कापताना हा शून्य आला कुठून असं कोणी का विचारलं नाही, हे विचारलं गेलं नाही. मीही विचारलं नव्हतं. वहिनी मुदतीआधी निवृत्त होत आहेत आणि निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छेने' असं छापलं आहे. मी वहिनींना विचारलं, हा शब्द काढायला सांगू का? त्या म्हणाल्या, "राहू दे गं. तेवढा एक रकाना भरलेला बरा."

आणि एक पत्रक निघालं, की ग्राहकांची माहिती प्रणालीबाहेर कोणीही काढू नये. त्यात चूक काही नाही. लोकांचे पत्ते, आजार, फोन, हे वाऱ्यावर जाता कामा नये, हे मलाही पटतं. फक्त वहिनींना आज संध्याकाळपर्यंत परवानगी आहे. संध्याकाळी ती बंद होईल. अहवालाचा फिल्टर मात्र अजून तसाच आहे. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आहे.

आता उशिराचं कारण.

या आठवड्यात वरच्या ओळींत एकच नाव उरलं होतं. एक वयस्क शिक्षक. मी फोन केला तेव्हा त्यांच्या पत्नीने उचलला. "यंत्र घरातच आहे ना?" "आहे. चालू आहे." मागे तो आवाज येत होता. "बोलता येईल का त्यांच्याशी?" "झोपलेत ते." मी शीटमध्ये 'चालू' लिहायला गेले. वहिनींनी माझा हात धरला. "थांब. काल मी केला होता, तेव्हाही झोपलेच होते. नळी लावलेला माणूस इतका शांत झोपत नाही."

आज सकाळी त्या म्हणाल्या, "माझ्या कार्यक्रमाला वेळ आहे. चल." तंत्रज्ञाची गाडी घेतली आणि आम्ही तिघं गेलो. नवी साडी नेसलेल्या होत्या, केसांत फूल होतं. जिना चढताना त्यांनी ते काढून माझ्या पिशवीत टाकलं.

बाईंनी दार उघडलं. घर स्वच्छ होतं. आतल्या खोलीत यंत्र चालू होतं. नळी उशीवर ठेवलेली होती. पलंग रिकामा होता, चादर ताणून घातलेली. बाई म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात. मुलगा येऊन सगळं करून गेला. तो म्हणाला, यंत्र परत दे. मी देणारच होते." मग म्हणाल्या, "बंद केलं की घर फार मोठं होतं हो."

आवाज आहे म्हणजे माणूस आहे, असं आम्ही नव्या मुलींना शिकवतो.

तंत्रज्ञ यंत्राकडे वळला. वहिनी म्हणाल्या, "आज नको." त्या बाईंच्या शेजारी बसल्या. चहा झाला. बाई आपल्या यजमानांबद्दल बोलत होत्या, ते वर्गात फळ्याकडे पाठ करून लिहायचे म्हणे, म्हणजे मुलांकडे बघत हात मागे नेऊन लिहायचे, आणि अक्षर वाकडं यायचं. वहिनी हसल्या. मी घड्याळाकडे बघत होते. मला इथली काळजी, साहेब येऊन बसले असतील, हार सुकत असतील.

मग वहिनींनी बाईंना विचारलं, "जरा तुमचा फोन देता का?" बाईंनी दिला. वहिनींनी तो हातात धरला आणि मला म्हणाल्या, "प्रणाली उघड. त्यांच्या ओळीवर जा."

मी माझ्या फोनवर उघडली.

"निवड तो शब्द."

मी म्हटलं, "वहिनी, संदेश जाईल."

"जाऊ दे. माझ्या हातात येईल."

मी निवडला. इतकी वर्षं आम्ही टाळलेला शब्द. थोड्या वेळाने फोन वाजला, वहिनींनी पडद्याकडे बघितलं, अंगठ्याने तो संदेश पुसला, आणि फोन तसाच धरून राहिल्या, आणखी काही येतं का म्हणून. मग परत दिला. बाईंनी विचारलं, "कोणाचा होता?"

"कोणाचा नाही. चुकून आलेला."

आम्ही गाडीत बसलो. मग वहिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तेव्हाच हे सुचायला हवं होतं. शब्द टाळायचा नव्हता. तो निवडायच्या वेळी तिथे जाऊन बसायला हवं होतं. मला जायचं नव्हतं, म्हणून मी रकाना मोकळा ठेवला. पोरींना वाटलं माया आहे." मी म्हटलं, वहिनी, माया होतीच. त्या म्हणाल्या, "होती. पण बसल्या जागेवरची."

हे वाक्य इथे सांगू का, असं मी त्यांना विचारलं नाही. वहिनी, रागावू नका.

साहेब, आता थोडं तुमच्याशी. कागद खालीच आहे.

संध्याकाळी वहिनींची परवानगी बंद होईल. उद्या कुठेतरी एखादं यंत्र बदललं जाईल, एक रकाना कोरा होईल, आणि एक माणूस आमच्या यादीतून नाहीसा होईल. तो आमच्या फोनची वाट बघेल, कारण आम्ही विसरत नाही अशी आमची ख्याती आहे. माझी विनंती आहे, की ती परवानगी माझ्या नावावर करावी. माहिती बाहेर जाणार नाही, त्याच खोलीत, त्याच टेबलावर राहील, आणि काम झाल्यावर मी ती तुमच्या माणसासमोर पुसून टाकीन. आणि तो ताऱ्यांचा संदेश जोवर बंद होत नाही, तोवर मयत हा शब्द आमच्यापैकी कोणी कार्यालयात बसून निवडणार नाही. त्या घरी जाऊन निवडू. मैत्रिणींशी मी बोलले आहे. दोघी अजून विचार करताहेत, हेही सांगायला हवं.

साहेब मान हलवताहेत. ती होकाराची आहे की 'आता पुरे'ची, हे मला इथून कळत नाही.

परवानगी मिळाली नाही तर काय, हे मी लिहून आणलेलं नाही, कारण मला नोकरीची गरज आहे आणि मला भीती वाटते. एवढं माहीत आहे, की उद्या सकाळी मी त्या खुर्चीवर जाऊन बसेन. पडद्यावर सगळं आलं तर मोकळे रकाने वर घेईन. नाही आलं तर साहेब, मी तुमच्या दाराशी येऊन उभी राहीन. परवाही येईन. काकूच्या नियमाप्रमाणे, तोवर दुसरा गठ्ठा सोडायचा नाही.

आता पुन्हा कागद. थोडंच उरलं आहे.

वहिनींना आणि भाऊंना पुढच्या आयुष्यासाठी सर्वांच्या वतीने शुभेच्छा. वहिनी, तुमचं फूल माझ्या पिशवीत आहे, ते जाताना घेऊन जा. साहेबांनी मला बोलू दिलं, सल्लागार महोदयांनी ऐकून घेतलं, ध्वनिक्षेपकवाल्यांनी मध्येच आवाज बंद केला नाही, त्यांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार. आज गाडी चालवणाऱ्या तंत्रज्ञ दादाचे आभार, तो अजून खालीच बसून आहे, त्याला वर यावंसं वाटलं नाही.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. कागदावरच्या चुका माझ्या, कागदाबाहेरच्याही माझ्याच, वहिनींच्या नव्हेत.

ही माफी रीतीची झाली, ती सगळ्यांसाठी. खिडकीपाशी बसलेल्या आजी, तुमच्यासाठी माझ्याकडे रीतीचं वाक्य नाही. आम्ही फोन करायला हवा होता. ते वाट बघत होते आणि आम्ही डबे बंद करून बसलो होतो.

मी माझी जागा घेते. नमस्कार.